अश्वविक्रीच्या जाहिरातीतील शब्द आणि मौन

काव्याची भाषा, शिलालेखांची भाषा, बोलींची भाषा हे विषय आपल्या विभागांत अभ्यासास योग्य मानले जातात. विक्रीसाठी लिहिलेली चार ओळींची जाहिरात मात्र अभ्यासकाच्या नजरेतून सहसा निसटते. तिच्यात भाषेचा सौदा होतो, म्हणून तिच्यात भाषेचे सत्त्व नसावे, असा आपला समज दिसतो. वस्तुतः शब्दावर विसंबून पैसा हातचा सुटतो, तेथेच शब्दाची खरी परीक्षा होते. घोड्याच्या खरेदीविक्रीची जाहिरात हा अशा परीक्षेचा फार जुना आणि फार बोलका नमुना आहे. प्रस्तुत लेखात तिच्या रचनेचा विचार करावयाचा आहे. परिणामकारक अश्वजाहिरात कशामुळे परिणामकारक ठरते, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. जाहिरातीने प्रथम लक्ष वेधावे, मग कुतूहल जागवावे, मग इच्छा निर्माण करावी आणि शेवटी कृतीस प्रवृत्त करावे, ही चार पायऱ्यांची उपपत्ती अमेरिकेतील एल्मो ल्युइस यांच्या नावाशी जोडली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती जाहिरातशास्त्राची बाराखडी होऊन बसली आहे. साबण किंवा शीतपेय यांच्या बाबतीत ती यथार्थ असेल. तेथील वाचक उदासीन असतो आणि त्याची उदासीनता मोडणे हेच जाहिरातीचे काम असते. परंतु घोडा घेऊ पाहणारा माणूस उदासीन नसतो. तो स्वतःच जाहिरात शोधीत आलेला असतो. त्याच्या मनात इच्छा आधीपासून असते, आणि तिच्या जोडीला तितकाच प्रबळ संशयही असतो. तेव्हा ज्या जाहिरातीला संशयाशी सामना करावयाचा आहे, तिला इच्छा जागविण्याची साधने देणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे असा प्रकार होय.

जेफ्री लीच यांनी इंग्रजी जाहिरातींच्या भाषेवरील आपल्या १९६६ च्या ग्रंथात वारंवार येणाऱ्या विशेषणांची नोंद केली आहे. ‘नवा’ आणि ‘चांगला’ ही विशेषणे त्यांत अग्रभागी आहेत. घोड्याच्या जाहिरातीला ही यादी लावून पाहिली की गंमत ध्यानात येते. घोडा ‘नवा’ असणे हा गुण नव्हे. नवा म्हणजे न शिकविलेला, स्वाराला पाठीवरून फेकणारा. आणि ‘चांगला’ हा शब्द तर प्रत्येक विक्रेता वापरीत असल्यामुळे त्याने काहीच सांगितले जात नाही. सर्वांच्या खिशात असलेले नाणे जसे कोणाची श्रीमंती दाखवू शकत नाही, तसेच हे आहे.

मग या व्यवसायाने आपली भाषा कशी घडविली? त्यासाठी इंग्लंडकडे वळणे सोयीचे आहे, कारण छापील अश्वव्यापाराची अखंड परंपरा तेथे अडीचशे वर्षांहून अधिक काळ दाखविता येते. रिचर्ड टॅटरसॉल याने १७६६ मध्ये लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर घोड्यांच्या लिलावाची पेढी काढली; ती आज न्यूमार्केट येथे चालते. शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळींचा ‘जनरल स्टड बुक’ हा ग्रंथ १७९१ मध्ये प्रास्ताविक रूपात आणि १७९३ मध्ये पहिल्या खंडाच्या रूपात निघाला. या दोन घटनांमुळे घोड्याविषयीच्या विधानांना एक बूड मिळाले. लिलावाच्या पेढीने विधानाचा करार केला, तर वंशग्रंथाने विधानाची शहानिशा शक्य केली.

याच काळातील पैदाशीच्या घोड्यांच्या जाहिरातींचा साचा पाहावा. घोड्याचे नाव, तो कोणत्या गावी ‘उभा राहील’ ते ठिकाण, गिनींमधील शुल्क, मोतद्दाराला द्यावयाची वेगळी दक्षिणा, आणि बाप व आई यांची नावे, एवढाच मजकूर त्यात सामान्यतः असे. क्रियापद एकच, विशेषणे जवळजवळ नाहीत. आजच्या वंशपत्रकांतही पित्यासाठी एक आणि मातेसाठी दुसरे अशी दोन लहानशी शब्दयोगी पदे सारा भार वाहतात. त्याहून लक्षणीय आहे ते नात्याच्या शब्दांवरील बंधन. दोन घोड्यांचा बाप एक आणि आया भिन्न असल्या, तर इंग्रजी अश्वव्यवसायात त्यांना अर्धबंधू म्हणत नाहीत. आई एक असेल तरच तो शब्द वापरावयाचा. कारण उघड आहे. नामांकित नराची एकाच वर्षात अनेकानेक पिल्ले जन्मतात, तर घोडीला वर्षाला एकच शिंगरू होते. बापाकडून येणारे बंधुत्व मोजू गेल्यास प्रत्येक मरतुकडे तट्टू एखाद्या विजेत्याचा भाऊ ठरेल. मराठीत ‘सावत्र’ हा शब्द दोन्ही नात्यांना पुरतो. परंतु ‘सहोदर’, म्हणजे एका उदरातून आलेला, हा आपला जुना शब्द मातेच्या बाजूचे नाते नेमके सांगतो. अश्ववंशाचे पत्रक मराठीत लिहिण्याचा प्रसंग आल्यास परिभाषा हाताशी आहे.

मुद्रणातही हीच शिस्त दिसते. लिलावाच्या पत्रकांत ठळक टंकाचा उपयोग मनास येईल तसा करता येत नाही. मान्यताप्राप्त दर्जाची शर्यत जिंकलेल्या घोड्याचे नाव ठळक मोठ्या लिपीत छापतात, आणि तशा शर्यतीत जिंकलेल्यांच्या मागोमाग आलेल्याचे नाव ठळक पण लहान लिपीत. कोणत्या शर्यतींना हा मान मिळावा हे आंतरराष्ट्रीय संकेतांनी ठरते. साऱ्या जाहिरातकलेत ठळक अक्षर म्हणजे ‘इकडे पाहा’ अशी हाक असते; येथे मात्र ते एक विधान असते आणि ते खोटे ठरू शकते. देवनागरीत मोठ्या व लहान लिपीचा भेद नाही. त्यामुळे या संकेताचे मराठी रूप करावयाचे झाल्यास वेगळी खूण योजावी लागेल. परंतु खूण कोणतीही असो, तिचे मोल तिच्या आकारात नसून तिच्यावरील निर्बंधात आहे, हे तत्त्व बदलणार नाही.

आता विशेषणांकडे वळू. या व्यवसायाने विशेषणे अजिबात टाकून दिली असे नाही. ज्यांच्यामागे परिणाम उभा आहे, अशी थोडी विशेषणे त्याने राखली. इंग्रजीतील ‘निर्दोष’ या अर्थाचा शब्द शरीराविषयी आहे, तर ‘निर्व्यंग वर्तनाचा’ या अर्थाचा शब्द सवयींविषयी आहे. आपल्याकडे दुसऱ्या अर्थासाठी ‘खोड’ हा इतका समर्पक शब्द आहे की बिनखोड म्हणताच सारा आशय व्यक्त होतो. न्यायालयांनी अशा शब्दांची व्याप्ती खटल्या-खटल्यांतून ठरविली. १८५८ च्या हॉलिडे विरुद्ध मॉर्गन या खटल्यातील घोडा बुजरा होता. त्याचे कारण डोळ्याच्या जन्मजात घडणीमुळे आलेली अधू दृष्टी हे निघाले, आणि न्यायालयाने त्याला सदोष ठरविले. शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, तर नुकसानभरपाईच्या हिशेबात निश्चित होण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याहूनही उद्बोधक दोन खटले आहेत. १८५४ च्या हॉपकिन्स विरुद्ध टँकरे या खटल्यात घोडा दुसऱ्या दिवशी टॅटरसॉलच्या लिलावात विकला जाणार होता. गिऱ्हाईक त्याचे पाय चाचपून पाहात असता मालकाने सांगितले की पाय पाहण्याचे कारण नाही, घोडा सर्वतोपरी निर्दोष आहे. गिऱ्हाइकाने विश्वास ठेविला, लिलावात घोडा घेतला, आणि तो सदोष निघाला. न्यायालयाने निर्णय दिला की ही हमी नव्हे. टॅटरसॉलच्या लिलावात पत्रकात लिहिल्यावाचून हमी नसते, हे उभयतांना ठाऊक होते. शॉवेल विरुद्ध रीड या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या खटल्यात प्रसंग जवळजवळ तोच होता. पैदाशीसाठी घोडा पाहणाऱ्यास विक्रेता म्हणाला की तपासावयाचे काही कारण नाही, घोडा पूर्ण निर्दोष आहे, काही वावगे असते तर मीच सांगितले असते. गिऱ्हाइकाने तपासणी थांबविली आणि पुढे खाजगी व्यवहारात घोडा घेतला. येथे मात्र तेच बोलणे हमी ठरले.

वाक्य एकच, परंतु एकदा ते निष्फळ झाले आणि एकदा बंधनकारक. जे. एल. ऑस्टिन यांनी वाक्याने काय म्हटले जाते आणि वाक्याने काय केले जाते, असा भेद केला आहे. त्याला यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. पहिल्या खटल्यात पत्रकातील मौनाने मालकाच्या तोंडच्या शब्दाला निष्प्रभ केले, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जाहिरातीच्या रचनेत जे लिहिलेले नाही त्याचेही सामर्थ्य असते, हे येथे प्रथम स्पष्ट होते.

आपल्याकडील कायद्यात हाच विचार अधिक सूक्ष्मपणे आला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम फसवणुकीची व्याख्या करते, आणि तिच्या स्पष्टीकरणासाठी कायदा रचणाऱ्यांनी घोड्याचाच दाखला निवडला आहे. ‘अ’ हा ‘ब’ला लिलावात घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. परंतु ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ‘ब’ने असे म्हटले की तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि ‘अ’ गप्प राहिला, तर त्याचे मौन हे बोलण्याबरोबरच होय. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे तीन दाखले मुळातून अवश्य वाचावेत. मौनाला अर्थ केव्हा येतो याची इतकी नेटकी मांडणी आपल्या शास्त्रातही फार उशिरा झाली. पॉल ग्राइस यांची संभाषणाची तत्त्वे १९६७ च्या व्याख्यानांत आली आणि १९७५ मध्ये छापली गेली. प्रसंगाला आवश्यक तेवढी माहिती द्यावी, ही अपेक्षा उभयपक्षी गृहीत असते. म्हणून कमी सांगणे हेही एक सांगणे होते, असा त्यांचा आशय आहे.

माझे प्रतिपादन असे की, घोड्याची छापील जाहिरात ही करार कायद्याच्या तिसऱ्या दाखल्याची स्थिती आपोआप निर्माण करते. कायद्याच्या दृष्टीने नव्हे, तर वाचनाच्या दृष्टीने. वय, उंची, जात, शिक्षण, स्वभाव, खोड, दुखापत आणि विक्रीचे कारण हे प्रश्न प्रत्येक जाणता वाचक मनात धरूनच जाहिरात वाचतो. ज्या प्रश्नाचे उत्तर दिसत नाही, तेथे तो स्वतः उत्तर घालतो; आणि कायद्यातील ‘ब’प्रमाणे अनुकूल उत्तर न घालता तो प्रतिकूल उत्तर घालतो. वय दिलेले नाही, म्हणजे घोडा म्हातारा. चालीचे कौतुक आहे पण स्वभावाविषयी अवाक्षर नाही, म्हणजे चावरा. इंग्लंडमधील जाहिरातींत ‘नवशिक्यासाठी नव्हे’ असे आढळते. त्याचा वाच्यार्थ सौम्य आहे, परंतु त्याचा व्यंग्यार्थ आता इतका रूढ झाला आहे की तो अभिधेच्या जवळ जाऊन बसला आहे. काव्यात व्यंजना कवीच्या बाजूने काम करते. येथे ती लिहिणाराविरुद्ध साक्ष देते. या वाङ्मयप्रकाराचा हा विशेष ज्याने ओळखला नाही, त्याला चांगली जाहिरात लिहिता येणार नाही.

चित्रालाही हाच नियम लागू होतो. जॉर्ज स्टब्स याने अठराव्या शतकात काढलेली घोड्यांची चित्रे बहुधा बाजूने घेतलेली आहेत, आणि आजही पैदाशीच्या घोड्याचे प्रमाण छायाचित्र सपाट जमिनीवर, बाजूने, चारही पाय दिसतील असेच घेतात. ही केवळ परंपरा नव्हे. घोडा उंच गवतात उभा केला की खूर झाकले जातात. समोरून घेतला की पाठीचा खोलगटपणा कळत नाही. भरधाव दाखविला की उभ्याने एक पाय उचलून धरण्याची सवय लपते. मावळत्या सूर्याच्या प्रकाशातील आयाळ रसिकाला मोहविते. जाणता गिऱ्हाईक मात्र प्रथम विचारतो की, पाय कोठे आहेत?

आता मराठीकडे येऊ. तापीच्या काठी सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घोडा प्रत्यक्ष समोर असतो. गिऱ्हाईक दात पाहते, पाय चाचपते, भोवरे मोजते, चाल फिरवून घेते. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत असे आपण म्हणतो, त्यातच विकत घेतलेल्याचे मोजावेत हा उपदेश आला. बाजारात जे काम हात आणि डोळे करतात, ते काम दूरच्या वाचकासाठी लिहिलेल्या जाहिरातीत शब्दांना करावे लागते. नमुन्यादाखल मी दोन मजकूर रचले आहेत. पहिला असा :

“उत्तम जातीचा, देखणा, राजबिंडा घोडा विकणे आहे. चाल अप्रतिम. पाहताक्षणी मन मोहून टाकील. किंमत वाजवी. खऱ्या शौकिनांनीच चौकशी करावी.”

आणि दुसरा :

“घोडी विकणे आहे. मारवाडी, रंग कुमाइत, पंचकल्याणी. वय सात वर्षे, उंची साठ इंच. एकदा व्यालेली. स्वारीला गरीब, बारा वर्षांची मुलगी दोन वर्षे रोज रपेट करीत असे. रवाल चाल शिकविलेली. फटाक्यांना बुजते. डाव्या मागच्या पायावर जुना वण आहे, लंगडत नाही. पशुवैद्याकडून तपासून घ्यावी. विकण्याचे कारण : मुलगी शिक्षणासाठी परगावी गेली.”

पहिल्या मजकुरात सहज पडताळता येईल असे एकही पद नाही. जात ‘उत्तम’ आहे, पण कोणती ते नाही. शेवटचे वाक्य तर वाचकाचीच परीक्षा घेऊ पाहते. दुसऱ्या मजकुरातील ‘गरीब’ हे एकच स्तुतिपर विशेषण आहे, परंतु त्याच्या पाठोपाठ त्याचा पुरावा येतो. ‘लंगडत नाही’ हा नकारही पाहण्यासारखा आहे. वण सांगितल्यामुळे वाचकाच्या मनात उठणाऱ्या प्रश्नाला तो उत्तर देतो. वणाचा उल्लेख नसता तर हाच नकार संशय वाढविता. आणि ‘फटाक्यांना बुजते’ हे तीन-चार सेकंदांत वाचून होणारे वाक्य साऱ्या जाहिरातीत सर्वांत मोलाचे आहे. वरातीसाठी घोडी शोधणारा तेथेच थांबेल. त्यात विक्रेत्याचे एक गिऱ्हाईक गेले हे खरे. परंतु बँडच्या गजरात, फटाक्यांच्या माळेजवळ, नवरदेवाला आणि भोवतालच्या पोराबाळांना घेऊन उधळणारी घोडी त्याने विकली नाही, हेही तितकेच खरे. प्रतिकूल वाक्य गिऱ्हाईक घालवीत नाही. योग्य गिऱ्हाईक निवडते.

मराठीची शब्दसंपत्ती या कामाला पुरेशी आहे. अबलख, कुमाइत, मुश्की, सब्जा, नुकरा हे रंगवाचक शब्द अरबी-फारसीतून आले आणि घोडदळाबरोबर रुळले. सलोत्री हा शब्द अश्वशास्त्राच्या प्राचीन आचार्याचे, शालिहोत्राचे, नाव सांगतो. अडेल, बुजरा, चावरा, लाथाळ हे स्वभावाचे शब्द कोणत्याही कायदेपंडिताच्या परिभाषेइतके नेमके आहेत. भोवऱ्यांच्या शुभाशुभाची गोष्ट वेगळी. ती श्रद्धेची बाब आहे. परंतु भोवरा कोठे आहे हे दिसणारे सत्य असल्याने, ज्या बाजारात तो पाहिला जातो त्या बाजारासाठीच्या जाहिरातीत तो सांगणे हेच इष्ट. या शब्दसंपत्तीला बाजूला सारून ‘राजबिंडा’ आणि ‘अप्रतिम’ यांच्या मागे जाणे म्हणजे पेटीत हत्यारे असताना नखांनी स्क्रू फिरविणे होय.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. दोष सांगणाऱ्याला किंमत कमी मिळेल, आणि दोष लपविणारा त्याच्या पुढे जाईल. आक्षेप क्षुल्लक नाही. जॉर्ज अ‍ॅकर्लॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीच्या १९७० च्या निबंधात दाखविले की, गिऱ्हाइकाला बरा माल आणि वाईट माल यांतील फरक कळत नसेल, तर तो सरासरी किंमतच देऊ करतो. मग चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो आणि वाईट मालच उरतो. परंतु याच युक्तिवादात आक्षेपाचे उत्तरही आहे. गप्प राहणाऱ्या चांगल्या घोड्याच्या मालकाला वाईट घोड्याची किंमत मिळते. त्याला स्वतःस वेगळे दाखवावयाचे असेल, तर लबाडाला महाग पडतील अशीच विधाने त्याने केली पाहिजेत. ‘अप्रतिम’ हे लिहावयास लबाडाला काहीच पडत नाही. ‘पशुवैद्याकडून तपासून घ्यावी’ हे मात्र त्याला परवडत नाही. तेव्हा खरेपणा हा येथे केवळ नीतीचा प्रश्न नसून रचनेचाही प्रश्न आहे.

कायदाही याच दिशेने सरकला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणे याचा समावेश आहे. व्यापारी म्हणून विकणाऱ्याला १८७२ च्या पहिल्या दाखल्यातील मौनाचा आसरा आता तितका निर्धास्त राहिलेला नाही.

समीक्षकाने अशा मजकुराचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. यातील कोणते विधान खोटे ठरू शकते? वाचकाच्या मनातील कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला? आणि कोणते वाक्य चुकीच्या गिऱ्हाइकाला परत पाठविते? या प्रश्नांपुढे बहुसंख्य जाहिराती टिकणार नाहीत. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी सारंगखेड्याच्या बाजारातील बोली आणि दूरच्या गिऱ्हाइकांसाठी लिहिलेले मजकूर शेजारी ठेवून पाहील, तर या विषयावर खरे काम होऊ शकेल. कारण या व्यवहारातील तिसऱ्या पक्षाला भाषा नाही. खोट्या वर्णनावर विकला गेलेला घोडा एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर जात राहतो, आणि प्रत्येक नवा धनी त्याला लबाड म्हणतो. लबाडी त्याच्या वर्णनात होती.